सातवा गवा

"ही माजी हरणी," ठकूबाई म्हणाली आणि भिंतीवरच्या फोटोच्या काचेवर तिनं बोट टेकवलं.

डिंगणकरसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "खोचरे, बाई हरणाबद्दल बोलतायत का?"

"नाही साहेब. हरणी हे त्यांच्या म्हशीचं नाव आहे."

"पण हा फोटो गव्यांचा आहे."

"व्हय की," ठकूबाई म्हणाली. "सा गवं हायीत. सातवी माजी म्हस."

याला आता पंचवीस वर्षं झाली. मी तेव्हा कोंडनाळ राष्ट्रीय उद्यानात वनरक्षक होतो. उद्यान घाटमाथ्यावर, वर कातळाचे उघडे, सपाट सडे, खाली दाट रान, आणि वर्षातले पाच महिने सगळ्यावर धुकं. डिंगणकर आमचे वनक्षेत्रपाल. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. नोकरीची एकोणीस वर्षं झाली होती आणि त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर त्यांच्या हाताखाली आजवर काहीही वाढलं नव्हतं. जिथं बदली होई तिथली जनावरं कमी होत. आमच्याकडे आले तेव्हा शेकरू घटली, भेकरं घटली, खवल्या मांजर तर यादीतूनच गेलं. दरवर्षी वरच्या कार्यालयात जाणाऱ्या वन्यजीव विविधता अहवालात ते असले आकडे भरत आणि दोन दिवस जेवत नसत.

मग त्या वर्षी दिवाळीनंतर आंबेसड्यावरच्या मचाणावरून त्यांनी स्वतःच्या कॅमेऱ्यानं एक फोटो काढला. अर्धा मैल अंतर, मधे धुकं. धुक्यात सात काळ्या पाठी. चार वर्षं गव्यांचा आकडा सहावर अडकला होता, तो सात झाला. वरून अभिनंदनाचं पत्र आलं. साहेबांनी फोटो मोठा करून, चौकट करून टेबलासमोर लावला. मी स्वतः खिळा ठोकला होता. ठोकताना सातव्या पाठीकडे पाहून मला शंका आली होती, पण माझ्या हातात हातोडी होती आणि साहेब इतके खूष मी कधी पाहिले नव्हते.

ठकूबाई झोरे ही उद्यानाच्या हद्दीला लागून असलेल्या धनगरवाड्यातली. अकरा घरांची वाडी. पन्नाशीची बाई, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, पदरी चार म्हशी. तूप घालायला ती आठवड्यातून एकदा खाली बाजाराला जाई, आणि त्या दिवशी हरवलेल्या म्हशीची चौकशी करायला तुपाचा डबा घेऊनच कार्यालयात आली होती.

"गव्याच्या पायांत पांढरे मोजे असतात," ती म्हणाली. "हिच्या न्हाईत."

"गवत उंच आहे," साहेब म्हणाले. "मोजे झाकले गेलेत."

"डावं शिंग बघा. खाली वळलंय. वासरू असताना जांभळीच्या बेचक्यात अडकून मोडलेलं. मीच हळद भरली हुती."

"नैसर्गिक वैविध्य."

"सायेब, दसऱ्याला चुकली ती. तवा चार म्हैन्यांची गाभण हुती. आता पाडव्याच्या म्होरं-मागं व्येणार. रानात व्याली तर पारडू बिबट्या नेईल."

साहेबांचा चेहरा उजळला. "गाभण आहे?"

"व्हय."

"खोचरे, म्हणजे आठ होतील."

ठकूबाईनं डबा खाली ठेवला. ती चिडली नव्हती; तिला समजून घ्यायचं होतं. साहेबांनीही मग खुर्ची पुढं ओढून तिला नीट समजावलं. फोटोतलं जनावर गवा असेल तर ते सरकारचं, त्याला हात लावला तर तुरुंग. आणि जनावर म्हैस असेल, तर ती राष्ट्रीय उद्यानात चरताना फोटोसकट सापडली आहे. म्हणजे दंड, आणि म्हैस जप्त.

"म्हंजे गवा असली तर सरकारची," ठकूबाई म्हणाली, "आन् म्हस असली तरीबी सरकारचीच."

"बरोबर समजलात."

"मग माजी हुयाला ती कोण असाया पायजे?"

साहेबांनी खरोखर विचार केला. शेवटी ते म्हणाले, "तशी तरतूद नाही."

तिथंच हे संपायचं. पण ठकूबाईनं शाळेतल्या मास्तरांकडून अर्ज लिहून आणला आणि आमच्या कारकुनानं तो 'हरीण हरवल्याबाबत' या मथळ्याखाली नोंदवून टाकला. उद्यानात हरीण हरवलं ही गंभीर बाब. तिला आवक क्रमांक पडला, प्रत वर गेली आणि वरून उलट टपाली विचारणा आली की, तीस दिवसांत स्थळपाहणी करून पंचनामा पाठवावा. साहेब कारकुनावर ओरडले, मग फाईल घेऊन बसले. त्यांनी पाहणीची तारीख ठरवली. पथकात ते, मी आणि अर्जदार. अर्जदारास जनावर ओळखण्यासाठी हाक मारण्याची परवानगी दिली, पण उद्यानात गोंगाटाला बंदी असल्यानं पत्रात अट घातली: एक वेळ, मध्यम आवाजात.

फाल्गुन सरत आला होता. सकाळी सातला आम्ही चढ चढायला लागलो. साहेब पुढं फाईल घेऊन, मी मधे, ठकूबाई मागं. ती चपला हातात घेऊन चालत होती.

"भेकर वरडलं," ती म्हणाली.

"कुठं?" साहेबांनी वही काढली.

"पाठीमागच्या घळीत. आन् ते वर शेकरूचं घरटं. नवं हाय. काल-परवा बांधलंय." थोडं पुढं जाऊन ती खाली बसली. "हितं खवल्या मांजरानं वारूळ उकरलंय. रातचं."

साहेब थांबले. खवल्या मांजर त्यांनी स्वतःच्या हातानं यादीतून काढलं होतं. त्यांनी वारुळाच्या ताज्या मातीत बोट घातलं, आणि क्षणभर मला वाटलं की ते आता पाहणी वगैरे सोडून या बाईच्या मागून रानभर फिरतील. पण त्यांनी फक्त वहीत नोंद केली आणि तिला विचारलं, "बाई, तुम्हाला हे सगळं कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात," ती म्हणाली. "शेजारीच ऱ्हातोय की."

आंबेसड्यावर पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. कळप सड्याच्या पलीकडच्या कडेला, कारवीच्या आडोशाला उभा होता. त्या दिवशी धुकं अजिबात नव्हतं, आणि गवत तर जनावरांनी चरून टाकलं होतं. सहा गवे, सहाही जणांच्या पायांत पांढरे मोजे. त्यांच्यामधे एक म्हैस. पोट दोन्ही बाजूंनी सुटलेलं, डावं शिंग खाली वळलेलं. ती रवंथ करत होती. शाळेतलं पोरही चुकलं नसतं.

मी साहेबांकडे पाहिलं. ते फाईलकडे पाहत होते.

"परवानगी आहे," ते म्हणाले. "एक वेळ."

ठकूबाईनं पदर खोचला, तोंडाशी हात धरला आणि शेजारणीला मीठ मागावं एवढ्याच आवाजात म्हणाली, "हरणे, ये गं बाय."

म्हशीनं मान वर केली. रवंथ थांबला. मग ती चालायला लागली, सरळ आमच्याकडे, जडावलेल्या बाईसारखी डुलत. इथवर ठीक होतं. पण ती निघाली तसे सहा गवेही तिच्यामागून निघाले.

"खोचरे," साहेब म्हणाले, "हे काय चाललंय?"

"येतायत, साहेब."

"त्यांना परवानगी नाही."

मोठा नर हजार किलोंचा असेल. तो पन्नास पावलांवर आला तेव्हा साहेब जवळच्या अंजनीच्या झाडावर चढले. झाड बुटकं होतं. त्यांचे बूट माझ्या खांद्याच्या उंचीवर लोंबत होते. फाईल त्यांनी सोडली नव्हती. मी झाडामागं सरकलो. ठकूबाई होती तिथंच उभी राहिली.

गवे वीस पावलांवर थांबले आणि फुसफुसत बघत राहिले. हरणी पुढं आली, तिनं ठकूबाईच्या खांद्यावर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. ठकूबाई तिच्या मानेखाली खाजवत कायबाय पुटपुटत होती. मग वाकून तिनं पोटाला हात लावला. "आठ दिस," ती मला म्हणाली. "लई झालं तर धा."

"खोचरे, लिहून घ्या," झाडावरून आवाज आला. "गवा क्रमांक सात पाहणी पथकाच्या दिशेने आला."

मी वही काढली. "साहेब, ही म्हैस आहे."

"वर्तन असामान्यरीत्या शांत आढळले."

"साहेब, एकदा खाली बघा तरी."

"मी बघत नाही," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला. "खोचरे, मी बघितलं तर मला लिहावं लागेल. आकडा पुन्हा सहा. वर चुकीचा अहवाल पाठवल्याबद्दल चौकशी. माझी बढती या वर्षी आहे. तुम्ही लिहा, पाहणीत म्हैस आढळली नाही. अर्जदाराचा अंगठा घ्या."

मी लिहिलं. तीस वर्षांचा होतो, घरी दोन पोरं. लिहिलेलं ठकूबाईला वाचून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं. हरणीची हनुवटी तेव्हाही तिच्या खांद्यावरच होती आणि लाळ तिच्या पाठीवर उतरत होती.

"म्हस आडळली न्हाई," ती म्हणाली.

"असंच लिहायचंय, मावशी."

"आन् अंगठा दिला म्हंजे अर्ज मिटतो?"

"मिटतो."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, मग अंगठा पुढं केला. शाईची डबी मी चढाच्या वाटेवर कुठंतरी पाडली होती, म्हणून तिनं अंजनीचं एक जांभळं फळ चिरडून अंगठ्याला लावलं आणि म्हैस आढळली नाही याच्याखाली उठवला.

गवे कंटाळून परत वळले. साहेब उतरले. आम्ही निघालो आणि हरणी आमच्या मागून निघाली.

"बाई," साहेब मागं न बघता म्हणाले, "गवा तुमच्या मागून येतोय."

"मी न्हाई बोलवलं. माजी हाक संपली."

"त्याला परत जायला सांगा."

"सांगायची परवानगी कागदात न्हाई, सायेब."

हद्दीच्या दगडापर्यंत आम्ही असेच चाललो: साहेब, मी, ठकूबाई, म्हैस. दगडाच्या अलीकडे उद्यान, पलीकडे ओढा आणि ओढ्यापार धनगरवाडा. खाली जीप उभी होती आणि साहेबांना दुपारी बैठकीला जायचं होतं. त्यांनी मला बाजूला घेतलं. "गवा हद्दीबाहेर जाता कामा नये. तुम्ही इथं उभे राहा. जबाबदारी तुमची."

जीप गेली. ठकूबाई दगडापलीकडे जाऊन ओढ्याच्या काठावर माझ्याकडे पाठ करून बसली. मी दगडाजवळ काठी आडवी धरून उभा. समोर हरणी. तिनं काठीचा वास घेतला. तास गेला. ऊन चढलं. हरणीच्या पोटात पारडानं लाथ मारलेली मला बाहेरून दिसली, कातडीवर एक उंचवटा इकडून तिकडं गेला.

मग मी काठी झाडाला टेकवली, वही काढली आणि रानाकडे तोंड केलं. अहवालासाठी पक्ष्यांची यादी अपुरी होती, ती पुरी करायला घेतली. तांबट, हळद्या, नाचण, टकाचोर, धनेश, सुतार. मोठ्यानं म्हणत लिहिलं, सावकाश. बावीस पक्षी झाले. तेविसावा आठवेना तेव्हा मागं वळलो. दगडापाशी कुणी नव्हतं. ओढ्याचं पाणी गढूळ झालं होतं.

मला तेव्हा फार हलकं वाटलं होतं. आयुष्यात एक चांगली गोष्ट केली असं वाटलं होतं. दहाव्या दिवशी धनगरवाड्यातून कुणीतरी माझ्या चौकीवर पानाच्या द्रोणात खरवस ठेवून गेलं.

वैशाखात मोजणी झाली. सहा.

साहेबांनी मला आत बोलावून दार लावलं. "सातवा कुठाय?"

"दिसला नाही, साहेब."

"गवा म्हणजे काय टोपी आहे, विसरून यायला?" ते खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. समोरच्या अहवालाच्या कोऱ्या रकान्यात लिहायचं होतं, घट झाल्यास कारण. "शिकार म्हटलं तर आपण दोघं निलंबित. शेजारच्या जंगलात गेला म्हटलं तर त्यांची पोच लागेल. म्हातारा होऊन मेला म्हटलं तर सांगाडा लागेल."

"बिबट्यानं नेला म्हणू."

"बिबट्या गवा मारतो? वर जनावरांतलं कळणारी माणसं बसली आहेत." त्यांनी डोळे चोळले. मग हळूच विचारलं, "पुरता वाढलेला गवा कोण मारू शकतं, खोचरे?"

उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं. उद्यानाच्या यादीत त्या नावापुढं एकोणीस वर्षं आडवी रेघ होती. मला हद्दीचा दगड आठवला, गढूळ पाणी आठवलं, आणि चौकशी झालीच तर कुणाच्या गोठ्यात काय सापडेल तेही आठवलं.

"वाघ," मी म्हणालो.

"ठसे?"

"वळवाच्या पावसात धुऊन गेले."

साहेबांनी लेखणी उचलली. लिहिण्याआधी बराच वेळ ते माझ्याकडे बघत होते. मी होकारार्थी मान हलवली, असं मला आठवतं. ती हलवली नसती तर त्यांनी लिहिलं नसतं, इतके ते घाबरट होते.

पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. पावसाळ्यानंतर तज्ज्ञांचं पथक आलं. त्यांना वाघ मिळाला नाही. पण त्यांनी लिहिलं की प्राणी अत्यंत सावध आहे. डिंगणकरसाहेबांना बढती मिळाली. जाताना त्यांनी फोटो मला भेट दिला. प्रवेशद्वारावर वाघाचं चित्र लागलं, तीन नव्या चौक्या झाल्या, माझा पगार वाढला. आणि दुसऱ्या वर्षी नोटीस निघाली. वाघाच्या अधिवासाला लागून असलेला धनगरवाडा, घरं अकरा, माणसांच्या जीवाला धोका असल्यानं सपाटीवर हलवण्यात येईल.

सुनावणी वाडीतच झाली, जांभळीखाली. नोटीस वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं, कारण वाडीतले लोक मला ओळखत होते. नव्या साहेबांनी तीन वेळा विचारलं, "कुणाची काही हरकत?" लोक खाली बघत होते. ठकूबाई माझ्याकडे बघत होती. तिच्या मागं गोठा होता आणि गोठ्याचं दार ओढून लावलेलं होतं. ती काही बोलली नाही. मीही नाही. दिवाळीच्या आत ट्रक आले.

सपाटीवरच्या त्या वसाहतीत जायला मला सहा वर्षं लागली. पत्र्याची घरं, सिमेंटचा रस्ता, एकही झाड नाही. ठकूबाईचं घर शेवटच्या ओळीत होतं. ती म्हातारी झाली होती. तिनं मला लगेच ओळखलं, बाज टाकली, ताक आणलं. घरामागं एक म्हैस बांधलेली होती, दोन्ही शिंगं सारखी.

"हरणीची लेक," ती म्हणाली. "रानातली न्हवं, गोठ्यात जल्मलेली. हरणी हितं आल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात ग्येली. हितलं पाणी तिला मानवलं न्हाई."

मी वाटेत बरंच काही ठरवून आलो होतो. त्यातलं काहीच आठवेना. "मावशी," मी म्हणालो, "तेव्हा वाघ नव्हता. ते मी सांगितलेलं, लिहायला."

"ठावं हाय की. गवा खाल्ला म्हनं वाघानं. त्यो गवा माज्या गोठ्यात पेंड खात हुता."

"मग सुनावणीत बोलला का नाहीत? तीनदा विचारलं त्यांनी."

"बोलायचं म्हंजे म्हस भाईर काढून दावाया लागली असती. म्हस ग्येली असती. आन् तुजी नोकरीबी." तिनं माझ्या हातातल्या पेल्याकडे बोट केलं. "पी. तापलंय ऊन."

मी प्यालो. "अकरा घरं गेली, मावशी."

"आमास्नी तवा काय ठावं. म्या वाडीत सांगितलं, गप ऱ्हावा, नसलेला वाघ हाय, किती दिस टिकंल." मग तिनं चौकशी केली, गावाकडच्या एखाद्या माणसाची करावी तशी. "हाय का अजून?"

"कोण?"

"त्यो वाघ."

"आहे. आता तीन झालेत. गेल्या अहवालात दोन बछडे आहेत."

ठकूबाईच्या कपाळावर आठी पडली. चार म्हशींची वेतं सांभाळलेली बाई ती. तिनं बोटांवर कसलातरी हिशोब केला, तो जुळेना, आणि तिनं मला अगदी मनापासून विचारलं, "मादी कुठनं आणली?"